हळद नऊ दिवसांवर आणि भुवया

हळद सोळा तारखेची. नवरी मुलगी मावशींना घेऊन सात तारखेला भुवयांत रंग भरायच्या आमच्या स्टुडिओत आली. फोनमध्ये एका नटीचा फोटो, अशाच मायक्रोब्लेडिंगच्या, म्हणजे त्वचेत बारीक काप घेऊन रंग भरलेल्या, भुवया हव्या होत्या. "आज होतील ना?" मावशींनी पुस्ती जोडली, "माझ्या तासाभरात झाल्या होत्या हो ताई."

मावशींच्या भुवयांकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी दुसरीकडे करून घेतलेल्या, आता पाटीसारख्या निळसर करड्या. त्या दिवशी बोलायचं बरंचसं त्यांच्याच चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, पण आधी कॅलेंडर काढलं.

भुवईत रंग भरल्यावर पहिले दोन-तीन दिवस ती हव्यापेक्षा बरीच गडद दिसते, थोडी सूजही असते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून बारीक खपल्या सुटू लागतात, दहाव्या दिवसापर्यंत कुठे रंग आहे, कुठे नाही, असा ठिपक्याठिपक्यांचा कारभार असतो. मग दोन आठवडे रंग गेलाच की काय असं वाटतं, कारण वर आलेली नवी त्वचा धुरकट असते. खरा रंग चार ते सहा आठवड्यांनी कळतो आणि टचअप, म्हणजे राहिलेल्या जागा पुन्हा भरणं, सहा-आठ आठवड्यांनी करतात. म्हणजे हळदीच्या दिवशी हिच्या खपल्या अर्ध्या निघालेल्या, खाली कोवळी त्वचा, आणि वरून पाच सुवासिनी तेल-हळद चोळणार. खपली ओढली गेली की रंगही तिच्याबरोबर जातो, शिवाय जंतुसंसर्गाला वाट मोकळी. लग्नासाठी करायचंच असेल तर पहिलं सिटिंग तीन महिने आधी हवं आणि टचअपनंतर किमान एक महिना हातात हवा.

मुलगी हिरमुसली. तरी फॉर्म भरून घेतला, कारण 'आज नाही' हे अर्धंच उत्तर होतं. 'कोणती औषधं चालू आहेत?' यापुढे तिने 'काही नाही' लिहिलं. हा रकाना बहुतेक जणी असाच भरतात. मुरमांची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, रात्री लावायचं रेटिनॉल यांना कुणी औषध म्हणत नाही. म्हणून थेट विचारलं, "पिंपल्सची गोळी घेत होतीस का?" आयसोट्रेटिनॉइन दोन महिन्यांपूर्वी बंद झालेलं. या गोळीने त्वचा नाजूक आणि कोरडी होते, जखम नीट भरेल याची खात्री नसते. आम्ही गोळी बंद झाल्यावर सहा महिने थांबतो आणि त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच पुढे जातो. मग कान आणि नाक टोचल्याची जागा, दंडावरचा बीसीजीचा वण पाहिला. तिथे गाठीसारखा फुगीर वण असेल तर केलॉइडची, म्हणजे जखमेवर वण वाढत जाण्याची, शंका घ्यायची. हिचे वण सपाट होते. पांढरे डाग किंवा घरात कोड आहे का, हेही विचारलं. पसरत असलेल्या कोडात सुई टोचलेल्या जागीच नवा डाग उठू शकतो.

चेहरा धुवून तासाभराने कपाळावर टिश्यू दाबला तर तो तेलाने पारदर्शक झाला. इथे फोटोतल्या भुवया बाद. मायक्रोब्लेडिंगमध्ये हातातल्या पात्याने केसासारखे बारीक काप घेतात. तेलकट त्वचेत त्या रेघा काही महिन्यांत पसरून एकमेकींत मिसळतात. अशा त्वचेला मशीनने ठिपक्याठिपक्यांनी भरलेली, पावडरसारखी छटा बरी.

एवढ्यात मावशी म्हणाल्या, "मग माझ्यावर तरी वरून तपकिरी मारा."

रंग बसतो तो वरच्या त्वचेच्या लगेच खालच्या थरात, भुवईला अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. उथळ गेला तर खपलीबरोबर निघतो, खोल गेला तर काळा रंग त्वचेतून निळा दिसतो. आजीच्या कपाळावरचं गोंदण आठवा: भरली काजळी, दिसतं हिरवट-निळं. मावशींचं तेच झालं होतं, कार्बनचा काळा आणि दाबलेला हात. लोहाच्या रंगांचं वेगळं, ते उतरता उतरता तांबूस-नारिंगी होतात. निळ्यावर नारिंगी झाक देऊन रंग सुधारता येतो, पण रंगाने गच्च भरलेल्या त्वचेत आणखी भरलं तर भुवई जाड ठिगळासारखी दिसते. आधी उतरवणं भाग होतं. त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि लेझरआधी तिळाएवढ्या जागेवर चाचणी घ्यायलाच सांगा म्हटलं, कारण मूळ रंगात पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोह मिसळलेलं असेल तर लेझरने तो क्षणात काळा पडू शकतो. मिश्रणात काय होतं ते मावशींना माहीतच नव्हतं. बाटलीचं नाव आणि लॉट नंबर लिहून घ्यावा, सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं. यात लाजण्यासारखं काय आहे?

एक गोष्ट मावशींना कुणी सांगितली नव्हती: एमआरआयच्या वेळी भुवयांबद्दल तंत्रज्ञाला कल्पना द्यायची, लोहाच्या रंगाने क्वचित चुरचुरतं.

मुलीच्या भुवया दोऱ्याने मापून पेन्सिलने काढल्या. त्याच आकाराची पेन्सिल रोज सकाळी ओढ, लग्नाच्या मेकअपवालीलाही हाच फोटो दे, आणि महिनाभराने आरशात बघून कंटाळा येतो का ते सांग, म्हटलं. फोटोतल्या नटीची कमान हिच्या कपाळावर चढलीच नसती. हिची हाडाची कड खाली होती.

चार महिन्यांनी दोघी आल्या. मावशींचा चाचणीचा ठिपका काळा न पडता फिका झाला होता आणि दोन सिटिंगमध्ये निळा रंग निम्म्यावर आला होता. मुलीने सासरी महिनाभर पेन्सिल ओढली होती, पण कमान एक धागा खाली घेऊन. तिच्या कानामागे पॅच टेस्टचा, म्हणजे रंगाची ॲलर्जी आहे का ते पाहायचा, ठिपका लावला आणि अठ्ठेचाळीस तासांनंतरची वेळ दिली.