खडीच्या रस्त्यासाठी मोटरसायकलची तयारी: काय कामी आलं, काय नाही

मोठ्या दगडावर आदळून गाडी बंद पडते असं आपण धरून चालतो. पण खडीवर तिला छळते ती थरथर. लांबचा कच्चा रस्ता करून आलोय. तयारीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम, म्हणजे एकेक बोल्ट काढून, आटे पुसून, थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक) लावून पुन्हा कसणं, हेच सगळ्यात उपयोगी पडलं.

थ्रेडलॉकर निळं घ्या. लाल लावलेला बोल्ट बहुधा तापवल्याशिवाय सुटत नाही, आणि आडरानात बर्नर कुठून आणणार? प्लास्टिकला ते लागू देऊ नका, तडे जाऊ शकतात. कसून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढायची. रोज मुक्कामी टॉर्च घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायची. रेघ जुळत नसेल तर बोल्ट फिरलाय. सोबतच्या गाडीवर अशा रेघा नव्हत्या. तिच्या कॅरियरचा एक बोल्ट वाटेत कुठेतरी पडला, सगळा भार उरलेल्यांवर आला आणि वेल्डिंगला चीर गेली. पुढचा रस्ता तारेच्या वेढ्यांवर काढला.

कॅरियर मोडतं त्यात सामानाच्या मांडणीचाही वाटा असतो. जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होऊन खडीवर भरकटतं. तंबू तिथे चालेल, हत्यारं नकोत.

चेनचा ढिलेपणा सामान लादून, वर माणूस बसवून बघा. स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, दबताना चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर बेताची वाटणारी चेन खड्ड्यात इतकी आवळते की पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) बेअरिंगवर ताण येतो. वंगण हलकंच लावा आणि वरचं पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटून त्याची पॉलिश पेपरसारखी लगदी होते.

टायरमधली हवा डांबरावर ठेवतो त्यापेक्षा चार-पाच पीएसआयने उतरवली, पकड लगेच सुधारली. मागे भार जास्त असेल तर तिथे एवढी उतरवू नका. दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. पुन्हा डांबर लागलं की हवा भरायची, म्हणून पंप हवाच. आणि ट्यूब बदलायचा सराव घरीच, बरोबर नेणार त्याच हत्यारांनी.

क्लचची जादा केबल पिशवीत नको. जुन्या केबलच्या बाजूनेच ओवून, टोकांना टेप लावून ठेवा. लिव्हरचे क्लॅम्प जेमतेम घट्ट ठेवले तर गाडी पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो.

नालीदार पट्ट्यात, म्हणजे रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतात तिथे, उभं राहून चालवा. असा पट्टा लांबला तर मधे थांबून मागच्या शॉकअपजवळ हात न्या. आच लागत असेल तर आतलं तेल तापून पातळ झालंय, गाडी उसळायला लागेल. गार होईपर्यंत थांबा; एअर फिल्टर झटकायला तीच वेळ बरी.