पेजेचं पातेलं आणि हरवलेली पळी

मागच्या वर्षी राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, सुरू होतो तो दिवस) सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून ऑफिसला निघालो, कपाळावर राख तशीच, आणि ट्रेनमध्ये सीट मिळाल्या मिळाल्या व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस टाकलं, "लेंट चालू, चाळीस दिवस मटण-मासे आणि सोशल मीडिया बंद". वसईच्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय ते वसईकरालाच विचारा, खरं तर चर्चने मासळीला ना म्हटलेलंच नाही, ही माझी वरकड तपश्चर्या. तर ते स्टेटस कोणी कोणी बघितलं हे मी चर्चगेटपर्यंत तीनदा चेक केलं. आणि गंमत म्हणजे तासाभरापूर्वीच मिस्सेत जे शुभवर्तमान वाचलं ते बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं, दरवर्षी त्या दिवशी तेच असतं, की उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. ऐकलं होतं मी, "ख्रिस्ता तुझी स्तुती असो" पण म्हणलं होतं.

त्या आठवड्यात मी फादरांकडे गेलो, म्हणलं लेंटमध्ये काहीतरी सेवा करायची आहे, पवित्र आठवड्यातली (ईस्टरच्या आधीचा तो आठवडा) बायबलची वाचनं करतो. माझा आवाज बरा आहे हे मला माहितीये. फादर म्हणाले वाचक भरपूर आहेत, किचनमध्ये माणूस नाही. आमच्याकडे लेंटमध्ये शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना) झाली की हॉलमध्ये सगळ्यांना पेज आणि सुक्या खोबऱ्याची चटणी असते, त्याची भांडी घासायची. सहा शुक्रवार.

पेजेचं पातेलं ज्याने घासलंय त्यालाच कळेल. पेज ओली असते तोवर ठीक, एकदा का कडेने वाळली की सिमेंट, आणि तळाला लागलेली असेल तर वेगळंच. पहिल्या शुक्रवारी मी तारेची घासणी घेऊन भिडलो आणि पंधरा मिनिटांत बोटं सोलून घेतली. किचन सांभाळणारी मावशी बघत होती, काही बोलली नाही, मग येऊन पातेल्यात गरम पाणी आणि मूठभर मीठ टाकून म्हणाली, "आता जा, चहा पी, पातेल्याला पण वेळ दे". परत आलो तर खरवड आपोआप सुटत होती. मी एमबीए आहे हे तिला सांगायची इच्छा का झाली देव जाणे.

नंतर फोनवर (सोशल मीडिया नाही, साधं वाचन) संत बेनेडिक्टच्या मठांचे नियम वाचले, सहाव्या शतकातले. नम्रतेवर एक अख्खा अध्याय आहे, बारा पायऱ्या वगैरे, तो वाचून मी फार भारावलो आणि लगेच विसरलो. लक्षात राहिला तो किचनचा अध्याय, पस्तिसावा. एक आजारपण किंवा तसंच महत्त्वाचं काम सोडलं तर प्रत्येकाने आळीपाळीने आठवडाभर स्वयंपाकघरात राबायचं. शनिवारी पाळी संपली की हातपाय पुसायचे टॉवेल धुवायचे, जाणारा आणि येणारा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, आणि भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत कोठाराच्या प्रमुखाला मोजून परत द्यायची. मला हे आवडलं. पाय धुणं आणि भांडी मोजून देणं एकाच दमात सांगितलंय.

आमच्या संत गोन्सालो गार्सियाचं पण तसंच. लहानपणापासून ऐकत आलोय की वसईचा मुलगा, 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत पंचवीस जणांसोबत क्रुसावर गेला. पण त्याआधी तो जपानमध्ये राहिलेला, चांगला व्यापारी होता, आणि ते सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संन्याशांकडे साधा ब्रदर म्हणून गेला, धर्मगुरू कधीच झाला नाही, आणि जपानला परत गेला तो दुसऱ्यांचा दुभाषा म्हणून. म्हणजे बोलायचं, पण दुसऱ्याचं. मला वाचक व्हायचं होतं त्यामुळे हे जरा लागलं.

सहाव्या शुक्रवारी मावशीने भांडी मोजली. पातेली दोन, झाकणं दोन, पळ्या चार पाहिजेत, तीनच. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "कोणीतरी नेली असेल". ती म्हणाली, "नेली असेल रे, पण घासायला कोणाकडे होती?" त्या रात्री झोपायच्या आधी दिवसाची उजळणी करायला बसलो (संत इग्नेशियसने शिकवलेली ती, दिवसभरात आपण कुठे घसरलो बघायचं) तर पूर्ण वेळ मनातल्या मनात मावशीशी वाद घातला आणि जिंकलो.

मग पवित्र गुरुवार. येशूने शेवटच्या भोजनाला शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. पाय धुण्यासाठीच्या बारा जणांत माझं नाव आलं. मी दुपारपासून कोमट पाण्यात पाय बुडवून वजरीने टाचा घासत बसलो, नखं कापली, बायको म्हणाली लग्नाला निघालायस का. शिष्यांतला पेत्र येशूला म्हणाला होता ना, माझे पाय तू कधीच धुणार नाहीस, मला तो नेहमी नम्र वाटायचा, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की लाजला असेल नुसता, भेगा दिसतील म्हणून. बायकांना या बारांत घ्यायची परवानगी 2016 मध्ये पोप फ्रान्सिसनी दिली, त्याआधी 2013 ला त्यांनी स्वतः रोमच्या बालसुधारगृहात मुलींचे पण पाय धुतले होते. त्यामुळे माझ्या शेजारच्या खुर्चीत मावशी होती. सरळ किचनमधून आलेली, टाचा तशाच.

फादर गुडघ्यावर बसले, तिच्या पायावर तांब्याने पाणी सोडलं, पुसलं, वाकून मुका घेतला. ती शांत, डोळे मिटलेले. फादर माझ्याकडे सरकले, माझा पाय आपोआप मागे गेला, आणि तेवढ्यात ती डोळे न उघडता हळूच म्हणाली, "पळी मिळाली का रे?"

शनिवारी बाजारातून नवीन आणून दिली. तिने हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाली, हलकी आहे.