रॅम 'ओके' म्हणून परत येते, पीसी मात्र बंद पडतच राहतो

रत्नागिरीत पीसीवर निळा स्क्रीन यायला लागला की पहिला सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारा." स्क्रीनवर 'मेमरी मॅनेजमेंट' लिहून येत असेल, मोठी झिप फाईल उघडताना सीआरसी एरर (फाईलमधला डेटा जुळत नसल्याचा इशारा) येत असेल, तर आधी रॅमवर संशय घ्या, विंडोजला हात लावू नका. रॅम चुकत असताना विंडोज नव्याने टाकली तर तिच्या फायली कॉपी होतानाच बिघडू शकतात.

माझा सेट रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि रॅमच्या ८ जीबीच्या चार सिंगल रँक (मेमरी चिपचा एकच गट असलेल्या) स्टिक, डीडीआर४ ३२००, यातला ३२०० हा स्पीड. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावला आणि एररच्या लाल ओळी आल्या.

अडलं ते वॉरंटीत. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर स्टिक जमा केल्या, वाट पाहत बसलो, आणि 'नो फॉल्ट फाउंड' असा शेरा मारून त्याच परत आल्या. पुन्हा दिल्या, पुन्हा तोच शेरा. कशावर तपासलं, किती स्पीडला, कुणी सांगेना. खोदून विचारल्यावर कळलं: एक-एक स्टिक, डिफॉल्ट सेटिंगवर, एसी खोलीत. डिफॉल्टला ही रॅम १.२ व्होल्टवर २४०० ने चालते. खोक्यावरचे ३२०० मिळतात ते बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅममध्येच नोंदवलेली जास्त स्पीडची सेटिंग, चालू केल्यावर, १.३५ व्होल्टला. ज्या स्पीडचे पैसे घेतले त्या स्पीडला तपासायचंच नाही आणि वर ग्राहकालाच "तुमचा बोर्ड बघा" म्हणायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून काउंटरवर जाण्याआधी पुरावा तयार करा. एकच स्टिक ए२ स्लॉटमध्ये, म्हणजे बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या, लावा. एक्सएमपी चालू ठेवून मेमटेस्टचे चारही पास, म्हणजे तपासणीच्या चार फेऱ्या, पूर्ण होऊ द्या. एरर आली तर स्क्रीनचा फोटो काढा, त्यात स्पीड दिसला पाहिजे. स्टिकवरचा सीरियल नंबरही टिपा. मग पावतीवर 'एक्सएमपी ३२००, १.३५ व्होल्टवर तपासावे' असं त्यांच्याकडूनच लिहून घ्या. माझी एक स्टिक अशी एकटी असतानाही नापास झाली, आणि या कागदावर ती मुकाट्याने बदलून मिळाली.

एकेक स्टिक पास होते पण चारही लावल्या की एरर येते, तेव्हा दोष बहुधा स्टिकचा नसतो. चार स्टिकचा भार प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला पेलत नाही. रायझन ३००० मालिकेत चार सिंगल रँक स्टिकसाठी एएमडीचा अधिकृत आकडाच २९३३ आहे. ड्युअल रँक असतील तर २६६६. मी एक्सएमपी ठेवून फक्त स्पीड २९३३ केला, एफक्लॉक (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १४६७, एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं) १.१, गिअर डाऊन मोड (रॅम स्थिर ठेवणारी सेटिंग) चालू. टायमिंग (रॅमच्या प्रतिसादाचे आकडे) १६-१८-१८-३८ तसेच. एररी थांबल्या. वेगातला फरक रोजच्या कामात जाणवतसुद्धा नाही.

हे सगळं करण्याआधी मात्र स्टिक काढून कॉन्टॅक्ट पुसा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत त्या सोनेरी पट्ट्यांवर चिकट, मळकट थर बसतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या. खोडरबराने घासू नका, मुलामा झिजतो आणि भुगा स्लॉटमध्ये अडकतो.

टेस्ट दुपारी लावा. रॅम तापली की चुका वाढतात. रात्री पास झालेली सेटिंग मे महिन्यातल्या दुपारी नापास होऊ शकते. ३२ जीबीच्या चार फेऱ्या व्हायला कित्येक तास जातात आणि मध्येच लाईट गेली की टेस्ट पुन्हा पहिल्यापासून. साधा यूपीएस काही मिनिटांतच मान टाकतो. पावसाळ्यात इन्व्हर्टरची लाईन असल्याशिवाय ती सुरूच करू नका.

बायोस अपडेट केलं की सेटिंग सहसा डिफॉल्टला जातात. पुन्हा एक्सएमपी लावलं की स्पीड परत ३२०० होतो, तो हाताने २९३३ करावा लागतो. बायोसमधल्या मेमरीच्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.