फोन लागला आणि कन्नड ऐकून ठेवून दिला...

आज परत तोच प्रश्न समोर आला, म्हणून लिहितोय. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीकडच्या बायका हेल्पलाइनला फोन लावतात आणि पलीकडून कन्नड आलं की घाबरून कट करतात. कट करू नका. "मराठी" एवढा एकच शब्द बोला आणि थांबा.

जीव नकोसा झालाय? १४४१६, टेलि-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. २४ तास, फुकट. सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात, घाईत चुकीचं बटण दाबलं जातं. चुकलं तर पुन्हा लावा. आधी समुपदेशक बोलतात, गरज असेल तर पुढे तज्ज्ञांकडे जोडतात. पोलीस केसची भीती बाळगू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे: जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरतात, एरवी तिला शिक्षा करत नाहीत.

घरात मारहाण चालू असेल तर ११२ (तातडीची मदत, पोलीस), सल्ला-आसरा हवा असेल तर १८१ (महिला हेल्पलाइन). आधी गाव, तालुका, जिल्हा, राज्य सांगा, मग बाकीचं. फोन मध्येच तुटला तर निदान पत्ता तरी पोचलेला असतो. सीमेवर एकाच नावाची गावं काय कमी आहेत!

बटणाच्या फोनवर हिरवं बटण दाबलं की शेवटचा नंबर घरच्यांनाही दिसतो. म्हणून बोलून झालं की माहेरी एक मिस्ड कॉल द्या, यादीतला १८१ पुसा.

आणि सासर महाराष्ट्रात चंदगडला असेल, पण तुम्ही माहेरी बेळगावात येऊन राहिला असाल, तर अर्ज बेळगावच्या कोर्टातही चालतो. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा, कलम २७. "तिकडंच जा" म्हणून कुणी परत पाठवलं तर हे कलम दाखवा.