मतदानाच्या दिवशी नाव नोंदवता आले असते तर

१३ मे २०२४ रोजी रावेर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा चोपडा तालुक्यातील एका गावच्या शाळेबाहेर कडुलिंबाखाली टेबल टाकून मी यादी घेऊन बसलो होतो. शिक्षकाच्या नोकरीसोबत बीएलओचे, म्हणजे घरोघर जाऊन मतदार यादी तपासणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम माझ्याकडे होते. साडेदहाच्या सुमारास एक बाई सुरतेतल्या उधन्याहून रात्रभर प्रवास करून थेट केंद्रावर आल्या. हातात कापडी पिशवी होती आणि रुमालाच्या गाठीत जपून ठेवलेले मतदार ओळखपत्र. यादीत त्यांच्या नोंदीवर नाव वगळल्याची खूण होती. “कार्ड शे ना गुरुजी, मंग नाव कसं काय नही?” असे त्यांनी विचारले. कायद्याचे उत्तर मला पाठ होते, तरी ते सांगताना जीभ अडखळली, कारण त्यांच्या घरापुढे ‘स्थलांतरित’ हा शेरा मीच लिहिला होता.

तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा दाराला कुलूप होते. शेजाऱ्यांनी “सुरतले ग्यात” एवढेच सांगितले, आणि नोटीस दारावर चिकटवून मी मोकळा झालो. वास्तविक लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० मधील कलम २० स्पष्ट सांगते की तात्पुरत्या गैरहजेरीमुळे कोणी त्या ठिकाणचा सर्वसाधारण रहिवासी राहत नाही असे होत नाही. पण सहा-आठ महिने सुरतेत आणि उरलेले दिवस गावी, असे आयुष्य काढणाऱ्या माणसाची गैरहजेरी तात्पुरती की कायमची, हे कुलपाकडे पाहून कसे ठरवायचे? साक्री-नंदुरबारकडून ऊसतोडीसाठी बारडोलीच्या बाजूला जाणाऱ्या कुटुंबांविषयीही हाच प्रश्न आहे, आणि खानदेशात तो अपवादाचा नव्हे, दर गावातला आहे.

त्या दिवशी बाईंचे नाव घालण्याचा अधिकार केंद्राध्यक्षांनाही नव्हता. आपल्याकडे उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव वाढवता, बदलता किंवा वगळता येत नाही. त्या टप्प्यात ती तारीख २५ एप्रिल होती, आणि हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागत असल्याने अर्ज त्याच्याही सुमारे दहा दिवस आधी पोहोचायला हवा होता. म्हणजे मतदानाच्या चार आठवडे आधीच दार बंद झालेले, आणि ते बंद झाल्याचे बाईंना केंद्रावर आल्यावर कळले.

याच कारणाने मतदानाच्या दिवशी नोंदणीचा वाद मी गेली काही वर्षे लक्ष देऊन वाचतो आहे. अमेरिकेत मेन, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांनी ही सोय १९७० च्या दशकातच सुरू केली; नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणी नावाचा प्रकारच नाही. मेनमध्ये २०११ साली विधिमंडळाने मतदानाच्या दिवसाची नोंदणी रद्द केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकांनी जनमताने ती परत आणली. मिनेसोटात कागदपत्र नसेल तर त्याच भागातला नोंदणीकृत मतदार शपथेवर हमी देऊ शकतो, तीही जास्तीत जास्त आठ जणांची. (आपल्याकडे हा नियम आला तर आठ माणसांची हमी घ्यायला तयार असलेला कार्यकर्ता प्रत्येक पारावर सकाळी सहालाच बसलेला दिसेल, हे सांगायला निवडणूक अभ्यासक लागत नाही.) न्यूझीलंडने २०२० च्या निवडणुकीत ही सोय दिली, आणि २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ती काढून घेणारे विधेयक आणले, अशी मते वेगळी तपासावी लागतात, मोजणी लांबते, ही त्यामागची तक्रार.

पण तिकडचा वाद इथे जसाच्या तसा लागू होत नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नाव नोंदवणे ही नागरिकाची जबाबदारी असते, तर आपल्याकडे यादी तयार करण्याची जबाबदारी शासन घेते आणि माझ्यासारखा माणूस दारोदार फिरतो. म्हणून तिकडे प्रश्न येतो तो आळसाने राहून गेलेल्या माणसाचा. इथे मात्र शासनाच्या चुकीने नाव गेलेल्या माणसालाही तोच नियम लावला जातो.

सरसकट नोंदणीला माझा विरोध आहे. यादी आधी प्रसिद्ध होते, ती पक्षांच्या हातात पडते आणि गावातले बूथ एजंट बोट ठेवून सांगतात की हा माणूस इथला नाही. ही तपासणी कोणत्याही संगणकापेक्षा बरी असते, आणि ऐनवेळी नाव घातले तर नेमकी तीच नाहीशी होते. लोकसभा आणि विधानसभेच्या मधल्या काळात राज्याच्या यादीत वाढलेल्या नावांवरून २०२४ नंतर जो गदारोळ झाला, तो महिन्यांच्या मुदतीत वाढलेल्या नावांवर होता. एका दिवसात वाढलेल्या नावांवर काय होईल?

दुबार नावाची भीतीही खोटी नाही. आमच्याकडच्या कित्येकांची नावे गावातही आहेत आणि लिंबायत-उधन्याच्या यादीतही. २०२४ मध्ये तो भाग नवसारी मतदारसंघातून ७ मे रोजी मतदान करून मोकळा झाला, आणि आमच्याकडे मतदान सहा दिवसांनी होते. मात्र म्हैसूरच्या कारखान्यातली शाई सहा दिवसांत नखावरून जात नाही. त्या बाईंचे बोट मी पाहिले होते. कोरे होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ज्याचे नाव मागच्या निवडणुकीच्या यादीत होते, ज्याच्याकडे त्या क्रमांकाचे ओळखपत्र आहे आणि ज्याचे नाव मधल्या काळात वगळले गेले, त्याचे मत बंद पाकिटात घ्यावे आणि वगळणे चूक होते की बरोबर हे तपासून मग ते मोजावे किंवा बाद करावे. असे पाकीट आपल्या कायद्याला नवे नाही. आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी मत देऊन गेले असेल तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात सीलबंद ठेवली जाते, जरी एरवी ती मोजली जात नसली तरी. त्या वर्षी मोजणी ४ जूनला होती; तीन आठवड्यांत एका गावातली चार-सहा पाकिटे तपासणे तहसील कार्यालयाला जड गेले नसते. विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला आणि मोजणी २३ ला होती, तिथे हे जमणे अवघड, हे मान्य करावे लागेल. त्यासाठी मोजणीची तारीख पुढे ढकलावी की सोय फक्त लोकसभेपुरती ठेवावी, याचा निर्णय माझा अजून होत नाही.

बाई त्या दुपारी माझ्या टेबलाजवळच सावलीत बसून राहिल्या. गाडी संध्याकाळची होती. मी बॅगेतून नमुना ६ काढला आणि भरून दिला, कारण वगळलेले नाव पुन्हा घालायलाही तोच अर्ज लागतो. वरचे शीर्षक त्यांनी मला वाचून दाखवायला लावले: ‘नवीन मतदारांसाठी अर्ज’. “नवीन?” असे म्हणून त्या हसल्या, आणि सही करताना पेन घट्ट धरून एकेक अक्षर लिहीत राहिल्या.