तिरकी अक्षरं

भाचीच्या लग्नाची पत्रिका ठरवायला परवा दुपारी अप्पा बळवंत चौकात गेलो होतो. दुकानातल्या मुलाने मजकूर निवडला, एक बटण दाबलं आणि सगळी अक्षरं उजवीकडे कलली. "काका, इटालिक रॉयल वाटतं." मला नाही वाटत. शिरोरेषा जागच्या जागी आडवी आणि खाली काने-वेलांट्या कललेल्या. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की बसच्या दांड्याला लटकलेले उतारू दिसतात तशा. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढं तरी माणसाने ताठ उभं राहून म्हणावं!

खरा इटालिक असा ढकलून होत नाही. १५०१ मध्ये व्हेनिसला आल्डस मानुशियस या मुद्रकाने हातात मावेल असा रोमन कवी व्हर्जिल छापला, तो अख्खा तिरक्या टाइपात. साचे फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरले, तेही त्या काळच्या भरभर लिहिणाऱ्यांचं वळण समोर ठेवून. टाइम्स नावाच्या फॉन्टच्या इटालिकमधला छोटा ए बघा, उभ्या एशी त्याचं फारसं नातंच नाही, आणि एफची शेपटी ओळीखाली उतरलेली. हेल्व्हेटिका ही दुसरी फॉन्ट मात्र जवळपास आहे तशीच कलते. त्याला ऑब्लीक म्हणतात. तिला ते खपून जातं.

शाळेत इंग्रजीच्या चाररेघी वहीत अक्षर झुकलं की शाबासकी मिळायची. पुढच्याच तासाला मराठीत तसं केलं की बाई लाल पेनाने एकेक काना उभा करायच्या. माझा हात अजून लिपी बघून कोन बदलतो, अगदी इस्त्रीवाल्याच्या हिशेबातसुद्धा.

भरभर लिहिणारा हात आपल्याकडेही होता की! मोडी. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता सुटायचं. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, भरलेत. ताठ बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, आणि धावती मोडी, जोडी अगदी रोमन (म्हणजे उभ्या टाइपा)-इटालिकच्या तोडीची. पण छापखान्यात राज्य बाळबोधीचं झालं. मराठीत जोर द्यायचा तर ठळक टाइप, नाहीतर अवतरणचिन्हं. मोडीच्या वळणावरून कुणीतरी देवनागरीचा खराखुरा इटालिक घडवावा असं मला फार वाटतं. वाटायला काय जातंय.

आमच्या ट्रंकेत पणजोबांचा एक मोडी कागद आहे. घरात कुणालाच वाचता येत नाही. भाऊ म्हणतो, जमिनीचा असणार. मला तो कर्जाचा वाटतो. वाचून घेतला तर फेडायची वेळ येईल, म्हणून दोघेही विषय काढत नाही.