दहा लाख मिळाले का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

नाही मिळाले. एक रुपयासुद्धा नाही.

बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लग्नाकार्यात कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतंच. तू रेल्वेच्या तिकिटावर विमा घेतला होतास ना? मग ते दहा लाख मिळाले असतील. नाही म्हटलं की लगेच पुढचं: मग अजून दर तिकिटाला ती टिक कशाला करतेस? देशातल्या देशात जायला कसला आलाय विमा? दोन्हींचं उत्तर एकदाच लिहून ठेवते.

नोव्हेंबर २०१९. बाबांना काशीला जायचं होतं. तिकिटं घरात नेहमी मीच काढते. साइटवर विमा हवा का, असं विचारलं होतं, काही पैशांचा मामला होता, मी हो केलं. पॉलिसीची ईमेल आली, नॉमिनीची माहिती भरा म्हणून एसएमएसमध्ये लिंक आली. ती मी भरली नाही. बॅगा भरायच्या होत्या.

भुसावळ सोडून तासभर झाला असेल. बाबा खालच्या बर्थवर होते. त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "घड्याळ काढ गं, हात जड झालाय." स्टीलचा पट्टा होता. तो घामाने इतका निसरडा झालेला की खटका माझ्या बोटांत येईना. दिवा लावला तेव्हा त्यांचा चेहरा दिसला. टीसींनी लगेच कंट्रोलला कळवलं, खंडव्याला फलाटावर डॉक्टर आणि स्ट्रेचर हजर होतं. त्या रात्री रेल्वेची माणसं जशी धावली, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. समोरच्या बर्थवरच्या मुलाने आमच्या बॅगा दारापर्यंत आणून दिल्या, एक राहिली ती राहिलीच.

दवाखाना आमच्या मेडिक्लेमच्या यादीत नव्हता. आधी डिपॉझिट भरा म्हणाले. भावाने घरून पैसे पाठवले. पहाटे पाचच्या सुमारास बाबा गेले. आई बाकावर बसून होती, तिच्या मांडीवर ते घड्याळ.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगते. कागदपत्रं होईपर्यंत त्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून मी फोनवर पॉलिसी उघडली. बाबांना जाऊन तासही झाला नव्हता. मला पैशांची हाव होती म्हणून नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. समोर अ‍ॅम्ब्युलन्सवाला उभा होता, खंडव्यापासून नाशिकपर्यंतचं भाडं सांगत होता, आणि मला आठवलं की मृतदेह नेण्याचा खर्च विम्यात कुठेतरी वाचला होता. तो होता. मृत्यूसाठी १० लाख, कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी १० लाख, अंशतः अपंगत्वासाठी साडेसात लाखांपर्यंत, दवाखान्यासाठी २ लाखांपर्यंत आणि मृतदेह नेण्यासाठी १० हजार. पण हे सगळं रेल्वे अपघातात किंवा कायद्याने ज्याला 'अनुचित घटना' म्हटलंय त्यातच. १९८९च्या रेल्वे कायद्यात ती व्याख्या आहे: गाडीतून पडणं, दरोडा, दंगल, गोळीबार, दहशतवादी हल्ला असं. आणि नैसर्गिक कारण किंवा आजार यातून स्पष्ट वगळलाय. माणूस रेल्वेत गेला म्हणजे रेल्वेमुळे गेला असं होत नाही. कुठल्याही शहाण्या माणसाला हे पटावं. मला त्या पहाटे पटलं नाही. मी घरी आल्यावर दावा केलाच. नकाराचं पत्र सभ्य भाषेत आलं. कंपनीने फसवलं असं मी कधीच म्हटलेलं नाही, ते लोकांनी परस्पर जोडलं.

माझं भांडण माझ्याशीच आहे. भाऊ कंपनीच्या कामासाठी परदेशी निघाला, तेव्हा प्रवास विमा मीच काढून दिला होता, कलमं नीट वाचून. मग ज्यांचं वय सत्तरीपुढचं, ज्यांना बारा वर्षांचा मधुमेह, त्यांच्यासाठी का नाही? कारण तेव्हा मीही तुमच्यासारखंच म्हणायचे: आपलाच देश, आपलीच माणसं, मेडिक्लेम तर देशभर चालतो. चालतो, हे खरंच आहे. बाबांच्या दवाखान्याचं बरंचसं बिल नंतर भरूनही मिळालं. पण मेडिक्लेम दवाखान्याचं बिल देतो. वाया गेलेली परतीची तिकिटं, हरवलेली बॅग, माणसाला घरापर्यंत आणणं, हे त्याचं काम नाही. त्यासाठी देशांतर्गत प्रवासाच्याही वेगळ्या पॉलिसी मिळतात, ते मला नंतर कळलं. ती घेतली असती तर? मी त्यांचेही नियम काढून वाचले. जुना आजार बहुतेक ठिकाणी वगळलेला. म्हणजे मधुमेहाकडे बोट दाखवून तोही दावा नाकारला गेला असता, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, निदान मदतीचा एक नंबर तरी हाताशी असता. रात्री अडीचला कुणाला फोन करावा, हे मला कळत नव्हतं हो.

तरी टिक का करते? आज तो विमा माणशी ४५ पैशांचा आहे. फक्त ऑनलाइन काढलेल्या तिकिटावर मिळतो, खिडकीवरच्या नाही. तिकीट रद्द केलं तर ते पैसे परत येत नाहीत. आणि अपघात झाला तर रेल्वेची भरपाई वेगळी असते, मृत्यूसाठी ८ लाख, ती विमा नसला तरी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. हे खूप जणांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगते. २ जून २०२३ला बालासोरजवळ कोरोमंडल एक्सप्रेसला अपघात झाला, तेव्हा मी रात्रभर टीव्हीसमोर बसून होते. डोक्यात एकच: यांतल्या किती जणांनी नॉमिनीची लिंक भरली असेल? नॉमिनी नसला तर वारसांना आपण वारस असल्याचे कागद जमवत फिरावं लागतं. कागद जमवणं काय असतं, ते मी खंडव्याला पाहिलंय.

भावाला हे पटत नाही. तो म्हणतो, जे कामाला आलं नाही त्यावर तू विश्वास ठेवतेस. असेल तसं. मला त्याला हरवता येत नाही, तो मला हरवू शकलेला नाही.

मागच्या महिन्यात आई, तो आणि मी काशीला जायचं ठरवलं. बाबांचं राहिलेलं. एका तिकिटावर विमा घ्यायचा तर सगळ्यांचाच घ्यावा लागतो, एकाला वगळता येत नाही. तो शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होता. मी टिक केली, तो काही बोलला नाही. लिंक आल्यावर आईच्या पॉलिसीत नॉमिनी म्हणून कुणाचं नाव घालू, असं मी विचारलं. आई म्हणाली, "ह्यांचं." मग आम्ही तिघंही थोडा वेळ गप्प बसलो, आणि मी माझं नाव घातलं.